तीन मैलांपलीकडचा आवाज

डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या मराठी मंडळींत कुणाकडे जेवायला गेलं की नव्याने ओळख झालेली माणसं विचारतात, "तुम्ही ईएनटी ना? म्हणजे टॉन्सिल्स वगैरे?" मी हो म्हणते. पानावर बसलेल्या माणसाला याहून जास्त सांगू नये. मुलगी लहान असताना एकदा मी तिला आज काय काम केलं ते सांगायला गेले, तर ती दोन्ही कान झाकून ओरडली, "आई, दॅट्स रॉटन!" तेव्हापासून घरात तो विषय बंदच झाला. आता निवृत्त झाले आहे, आणि वाचणाऱ्याला कान झाकून काही उपयोग नाही, म्हणून सांगते.

टॉन्सिल्स मी काढल्याच. मुलांच्या नाकातून मणी काढले, वाटाणे काढले, एकदा तर खेळण्यातल्या गाडीचं चाक काढलं. पण माझं खरं काम घशाच्या कॅन्सरचं. गळ्यात पुढच्या बाजूला हात लावून 'अ' म्हणा, जिथे थरथर जाणवेल तिथे स्वरयंत्र असतं. आत दोन नाजूक पडदे. श्वास त्यांच्यामधून जातो, ते थरथरतात आणि आवाज निघतो. त्या एवढ्याशा जागेत गाठ झाली आणि औषधांनी, किरणांनी आटोक्यात आली नाही, तर अख्खं स्वरयंत्र काढावं लागतं. माणूस जगतो, पण त्याचा जन्मापासूनचा आवाज जातो. म्हणजे माणसं वाचवण्यासाठी त्यांना मुकं करणं हा माझा धंदा होता.

डब्लिनच्या एका सरकारी रुग्णालयात मी बरीच वर्षं काढली, आणि पंधरवड्यातून एकदा किलकेनीला ओपीडीत बसायला जायची. इकडे सर्जनला डॉक्टर म्हणत नाहीत, मिस्टर नाहीतर मिस म्हणतात. जुनी रीत आहे आणि तिचा अभिमानही आहे. त्यामुळे मी शेवटपर्यंत मिस मगदूम. सासूबाई पहिल्यांदा साताऱ्याकडून आल्या आणि दारावर आलेल्या पोस्टमनने मला मिस म्हटलेलं ऐकून हादरल्या. "हितं लगीन झाल्याचं सांगितलं न्हाईस व्हय कुणाला?"

आवाजाच्या डॉक्टरकडे माणसं येतात ती नुसता घसा घेऊन येत नाहीत, पोटापाण्याचा धंदाही घेऊन येतात. किलकेनीजवळच्या गुरांच्या बाजारात लिलाव पुकारणारा एक गडी होता. एका श्वासात इतके आकडे बोलायचा की मधला एक जरी शब्द कळला तरी आपण पास. त्याला मी महिनाभर मौन सांगितलं, तर तो म्हणाला, "मिस, मी गप्प बसलो तर गाई फुकट जातील." एक म्हातारे धर्मगुरू होते. त्यांचा आवाज बसला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "पापांची कबुली ऐकायला कानच लागतात. तुम्ही सावकाश उपचार करा." या दोघांची आठवण आली की हसू येतं. डेक्लन फर्लांगची आठवण आली की मात्र मी हातातलं काम थांबवते.

फर्लांग हे वेक्सफर्डकडचं सरळ साधं आडनाव. पहिल्यांदा कागदावर वाचलं तेव्हा मला गंमत वाटली, कारण आमच्याकडे फर्लांगाने अंतर मोजत. सत्तरी ओलांडलेला, उंच, खांद्यात किंचित वाकलेला माणूस आत आला, खुर्चीवर बसला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "गुड मॉर्निंग, मिस. रिसेप्शन खराब झालंय." शेजारी उभी असलेली नर्स एकदम ताठ झाली. तो गेल्यावर मला म्हणाली, "ओळखलं नाहीत? युवर मॅन, शनिवारी सकाळी रेडिओवर असतो तो!" युवर मॅन म्हणजे इथे नुसतं 'तो माणूस'.

समुद्राकाठच्या एका लहान गावाचं स्वयंसेवकांनी चालवलेलं रेडिओ केंद्र होतं. तिथे डेक्लन दर शनिवारी सकाळी जुनी गाणी लावायचा आणि मध्येच परिसरातल्या मृत्यूच्या बातम्या वाचायचा. हे इथल्या रेडिओवर अजून चालतं. कोण गेलं, प्रार्थना कुठल्या चर्चमध्ये, दफन किती वाजता. लोक म्हणत, डेक्लनने वाचलं की मेल्यासारखं वाटत नाही, गावाला गेल्यासारखं वाटतं.

त्या वेळी त्याच्या एका पडद्यावर लहानशी गाठ होती. किरणोपचारांनी ती गेली, आवाजही राहिला, थोडा खरखरीत झाला एवढंच. पुढची काही वर्षं तो तपासणीला यायचा, आणि जाताना मला एखादं गाणं सुचवून जायचा. मी घरी ते शोधून ऐकायची. मग एका हिवाळ्यात तो आला तेव्हा दारातून आत येईपर्यंत मला कळलं होतं. आमच्या धंद्यात कानांनाच आधी कळतं. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजत होती.

तपासण्या झाल्या. मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. गाठ परत आली आहे, मोठी आहे, किरण पुन्हा देता येणार नाहीत. स्वरयंत्र काढायचं. श्वासनलिकेचं तोंड गळ्याच्या खालच्या बाजूला बाहेर आणून शिवायचं, आणि यापुढे श्वास त्या छिद्रातून घ्यायचा.

"आणि नाही केलं तर?"

"तर काही महिन्यांत श्वास अडेल."

"बोलता येईल का नंतर?"

"येईल. एक छोटा व्हॉल्व्ह बसवतो. पण आवाज वेगळा असेल."

"वेगळा म्हणजे रेडिओवर चालेल असा?"

मी खोटं बोलत नाही. म्हणाले, "नाही."

त्याने टोपी उचलली, "ग्रँड" म्हणाला आणि गेला. ग्रँड या शब्दाचा अर्थ इथे छान, चालेल, पुरे आणि आता मला एकट्याला सोडा, यांपैकी काहीही होतो. पुढच्या तारखेला तो आलाच नाही. त्याऐवजी त्याची बायको ब्रीडा आली. ठेंगणी, गोरीपान, हातात हात घट्ट धरून बसणारी बाई. तरुणपणी ती नर्स होती, त्यामुळे तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"तो येत नाही म्हणतो," ती म्हणाली. "मी एकदा त्याला गप्प केलंय, मिस. दुसऱ्यांदा मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगा."

एकदा गप्प केलं म्हणजे काय, ते मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फोन लावला. पलीकडे रेडिओ चालू होता, त्याने तो बंद केला.

"मिस मगदूम, मी बाहेरच्या लोकांना ओळखू येईन असं माझ्याकडे एवढंच आहे," तो म्हणाला. "तेच तुम्ही काढून घेणार. मग राहतो कोण?"

मी त्याला माझ्या वडिलांबद्दल सांगितलं. रुग्णांना घरचं सांगायचं नसतं, पण सांगितलं. वडील इचलकरंजीला सूतगिरणीत होते. यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे फोनवरही ओरडून बोलायचे. मी इकडे आल्यावर दर रविवारी आमचा फोन असायचा, आणि शेजारच्या तीन घरांना आमच्या घरची खुशाली फुकट कळायची. शेवटच्या वर्षी तो आवाज बारीक होत गेला. मग दम लागायला लागला, शब्द तुटायला लागले. मी म्हणायची, दादा, बोलू नका, दमाल. त्यांना वाटे, मला ऐकवत नाही, म्हणून ते फोन आईकडे द्यायचे. ते गेले. आमच्याकडे त्यांचे फोटो आहेत, पण आवाज कुठेच नाही. हळूहळू तो माझ्या कानातूनही गेला.

"मला त्यांचा कसाही आवाज चालला असता," मी म्हणाले. "चांगला आवाज हवा होता असं कोण म्हणालं? तुम्ही शनिवारच्या लोकांचा विचार करताय. मी सकाळी स्वयंपाकघरात, मार्मलेड कुठल्या प्रेसमध्ये ठेवलंय असं विचारणाऱ्या माणसाबद्दल बोलतेय." प्रेस म्हणजे कपाट, हा शब्द माझ्याही तोंडात बसला आहे.

पलीकडे शिट्टीसारखा श्वास वाजला. मग तो म्हणाला, "मला एक शनिवार द्या."

तो शनिवार मी ल्यूकनच्या स्वयंपाकघरात इंटरनेटवर ऐकला. पोहे भिजवून ठेवले होते ते तसेच राहिले. माझा नवरा अविनाश चिपच्या कारखान्यात इंजिनीयर, सिग्नल आणि गोंगाट हाच त्याचा विषय. तोही खुर्ची ओढून बसला. आम्हांला वाटलं, डेक्लन निरोप घेईल, काही सांगेल. त्याने काही सांगितलं नाही. गाणी लावली, गेलेल्यांची नावं वाचली, कुणाची तरी हरवलेली कुत्री सापडल्याचं सांगितलं आणि शेवटी नेहमीसारखं म्हणाला, "एवढंच. सांभाळून राहा." अविनाशने उठून गॅस पेटवला. पोह्यांचा पार लगदा झाला होता.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्याला दाखल केलं. ऑर्ला ही आमची वाचा-उपचार करणारी. ती आधी रुग्णाला नव्या आवाजाबद्दल सगळं समजावते आणि असलेला आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवायचा का ते विचारते. डेक्लनने हात झटकला. "अर्ध्या इंग्लंडच्या पोटमाळ्यावर माझ्या टेपा आहेत, बाई. आणखी कशाला?" आणि मग, जेवण झाल्यावर, तो बोलायला लागला. दुपारभर बोलला. पैसे संपवून टाकायचे असल्यासारखा त्याने आवाज संपवून टाकला. मी फेरीला गेले तेव्हा पलीकडच्या खाटेवरचा रुग्ण, दोन नर्सा आणि फरशी पुसणारी बाई, सगळे त्याच्याभोवती होते. मीही उभी राहिले.

साठच्या दशकातली गोष्ट. इंग्लंडमध्ये आणि इथेही रेडिओ म्हणजे सरकारी रेडिओ. दुसऱ्या कुणी प्रक्षेपण करायचं नाही, कायदाच तसा. इथल्या रेडिओवर प्रार्थनेची घंटा, शेतमालाचे भाव, भाषणं. तिकडेही तरुण पोरांना हवी ती गाणी आठवड्यातून मोजून थोडा वेळ. "काय ऐकायचं ते सरकार ठरवणार," डेक्लन म्हणाला, "आणि सरकारचे कान साठीचे."

पण किनाऱ्यापासून तीन मैलांवर देशाची हद्द संपत होती. त्यापलीकडे नांगर टाकलेल्या जहाजावरून कुणी गाणी वाजवली तर ती हवेतून थेट घराघरात जाणार, आणि पोलिस किनाऱ्यावर उभे राहून बघणार. ही युक्ती ज्यांना सुचली त्यांना लोक समुद्री चाचे म्हणायला लागले. त्यांना ते नाव फार आवडलं.

असं एक जहाज इथल्याच लाउथच्या किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या बंदरात गुपचूप तयार होत होतं. जुनी प्रवासी बोट होती, तिच्यावर प्रक्षेपणासाठी चर्चच्या मनोऱ्याहून उंच डोलकाठी चढवत होते. डेक्लन तेव्हा कोळशाच्या बोटींवर हमाली करायचा. "गावात सांगितलं होतं, समुद्राचा तळ मोजायचं जहाज आहे. गावाने मान डोलावली. एवढी उंच काठी तळ मोजायला कशाला, असं कुणी विचारलं नाही. आयरिश माणूस सरकारला फसवताना दुसऱ्याला प्रश्न विचारत नाही."

डोलकाठीच्या दोऱ्या ओढायला तो खलाशी म्हणून चढला आणि इंग्लंडच्या किनाऱ्यासमोर जाऊन पोचला. जहाजाला सगळे 'द लेडी' म्हणत. पहिल्याच वादळात निवेदक बादलीत डोकं घालून बसला. गाणं संपलं, पुढे शांतता. आचारी ओरडला, "त्या वेक्सफर्डच्या पोराला बसवा, तो झोपेतही बोलतो!" डेक्लन बसला तो तीन वर्षं बसला.

"जहाज हललं की तबकडीवरची सुई उडायची. मग आम्ही तिच्या दांड्यावर तांब्याचं नाणं चिकटवायचो. मोठी लाट आली की दुसरं नाणं. समुद्र फारच खवळला तर सरळ सांगायचो, लोकहो, हे गाणं आज थोडं उड्या मारत येईल." त्याने हाताने लाट दाखवली. "माझ्या समोर गोल खिडकी होती. तिच्यात एकदा आकाश यायचं, एकदा पाणी. मी कुणाशी बोलतोय ते कधी दिसायचं नाही. एका सकाळी मला राहवेना. मी म्हणालो, कुणी ऐकत असाल तर बाहेर काहीतरी लाल वाळत घाला. खलाशाची दुर्बीण घेऊन मी डेकवर गेलो. किनारा नुसती करडी रेघ. आणि त्या रेघेवर, मिस, इथे एक ठिपका, तिथे एक. लाल. लालच लाल."

फरशी पुसणाऱ्या बाईने डोळे पुसले. कोपऱ्यात बसलेली ब्रीडा म्हणाली, "त्यातलं एक माझं. नर्सेस होमच्या खिडकीतून हॉस्पिटलचं लाल ब्लँकेट लोंबवलं होतं मी. मेट्रनने महिनाभर संध्याकाळची सुट्टी बंद केली." ती किलकेनीकडची पोर, तिकडे नर्सिंग शिकत होती. तिचं आधी त्याच्या आवाजावरच मन बसलं होतं. पुढे तो सुट्टीवर किनाऱ्यावर आला तेव्हा नाचाच्या हॉलमध्ये त्याने कुणाला तरी 'सॉरी' म्हटलं, आणि ती पाठमोरी होती ती गर्रकन वळली.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, "आमच्याकडेही होतं हे." आमच्याकडे रेडिओ सरकारी, घरात ठेवायचा तर पोस्टात लायसन्सचे पैसे भरायचे. एके काळी सरकारला सिनेमाची गाणी उथळ वाटली आणि ती बंद झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं. समुद्रापलीकडून तीच गाणी यायला लागली. माझे वडील लायसन्स भरायचे आपल्या सरकारचं आणि ऐकायचे सिलोन. मी मोठी होईपर्यंत सरकारचं मन बदललं होतं, पण वडिलांचा काटा तिथून हलला नव्हता.

डेक्लन इतका खूश झाला की त्याला खोकला आला. "तुमच्या वडिलांचं नशीब थोर," तो म्हणाला. "आम्हांला गंजकं जहाज मिळालं, त्यांना अख्खं बेट!"

मग त्याने शेवट सांगितला. इंग्लंडने नवा कायदा केला. अशा जहाजावर काम करणं, तिथे भाजी पोचवणं, जाहिरात देणं, सगळंच गुन्हा. जहाजावर सगळ्यांना विचारलं, राहणार की उतरणार? राहिलात तर किनाऱ्यावर पाय ठेवला की पकडणार. ब्रीडाने निरोप पाठवला होता: मी रेडिओशी लग्न करणार नाही. तो उतरला. त्याला न्यायला आलेल्या लहान बोटीत छोटा रेडिओ होता. किनारा येईपर्यंत त्यावर त्याच्याच वेळेला दुसरा कुणीतरी बोलत होता. "चांगला होता पोरगा," डेक्लन म्हणाला, "म्हणूनच जास्त लागलं."

पुढे गंमत अशी झाली की सरकारने स्वतःच गाण्यांचं नवं केंद्र काढलं आणि काल ज्यांना गुन्हेगार ठरवलं त्यांच्यातल्याच काहींना नोकरीवर घेतलं. डेक्लनने अर्ज केला नाही. आयर्लंडला परतला, ट्रक चालवला, रेडिओ दुरुस्त केले. मधल्या काळात एका बेकरीच्या माळ्यावरून चोरून गाणी वाजवली. पोलिस यंत्र उचलायला आला तेव्हा आधी म्हणाला, "ते चालू गाणं संपू दे, बायकोने मागितलंय." मग इथलाही कायदा बदलला, गावोगाव केंद्रं आली, आणि म्हातारपणी डेक्लनला शनिवारची सकाळ मिळाली. "पण खरं सांगू?" तो म्हणाला. आवाज आता जवळजवळ संपला होता. "मी रोज त्या जहाजावर असतो. पावाला लोणी लावताना असतो. खिडकीत आकाश, खिडकीत पाणी."

ब्रीडा तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

शस्त्रक्रिया ठीक झाली. काढलेलं स्वरयंत्र मुठीत मावतं. ते ट्रेमध्ये ठेवताना मी एरवी काही विचार करत नाही; हाताला पुढचं काम असतं. त्या दिवशी क्षणभर हात थांबला, एवढंच सांगते.

नंतरचे दिवस तो पांढऱ्या पाटीवर लिहून बोलायचा. कसं वाटतंय विचारलं की लिहायचा, 'ग्रँड'. जखम भरल्यावर ऑर्लाने त्याला व्हॉल्व्ह वापरायला शिकवलं. हा शर्टच्या बटणाएवढा सिलिकॉनचा तुकडा. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीत बसतो. गळ्यावरचं छिद्र बोटाने झाकायचं आणि श्वास सोडायचा. हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते, तिथल्या भिंती थरथरतात आणि आवाज येतो. माणसाचाच असतो, पण ओळखीचा नसतो.

"माझी सुरुवात व्हॉल्व्हच्या रेडिओने झाली," डेक्लनने पाटीवर लिहिलं, "शेवटही व्हॉल्व्हवर."

पहिल्या प्रयत्नाला फरशीवरून खुर्ची ओढल्यासारखं काहीतरी आलं. त्याने मान तिरकी करून ते ऐकलं, परक्या माणसाचं ऐकावं तसं. बोट नीट बसवलं. पुन्हा श्वास सोडला. खोल, खरखरीत, एकाच सुरातला आवाज आला.

"सिग्नल खराब आहे," तो म्हणाला. "पण पोचतोय."

ब्रीडा नर्स होती. तिने रडायचं ते बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून घेतलं.

केंद्राच्या लोकांनी त्याला परत बोलावलं. तो गेला, पण माइकसमोर कधी बोलला नाही. दर शनिवारी येऊन गाणी लावायचा, एकामागून एक, मध्ये एक शब्द नाही. मृत्यूच्या बातम्या दुसरं कुणीतरी वाचायचं. गावाला ठाऊक होतं कोण आहे ते. मी पुष्कळदा समजावलं, लोकांना तुमचा हा आवाजही चालेल. तो हसायचा, म्हणजे खांदे हलवायचा, कारण हसण्याचा आवाज व्हॉल्व्हमधून येत नाही. म्हणायचा, "मिस, तो आवाज लोकांचा होता. हा घरचा आहे."

असा तो आणखी काही वर्षं जगला. व्हॉल्व्ह बदलायला यायचा तेव्हा ऑर्लासाठी घरच्या कोंबड्यांची अंडी आणायचा. कॅन्सर परत आला नाही. एका वसंतात, बागेत बटाटे लावताना, हृदय थांबलं. केंद्राने शनिवारी त्याची बातमी वाचली आणि जहाजावरच्या जुन्या टेपचा तुकडा लावला. तो मी ऐकला. विशीतला, चढा, हसरा आवाज, मागे वारा. मला तो ओळखीचा वाटला नाही.

माझ्या निवृत्तीला थोडे आठवडे राहिले असताना ब्रीडा किलकेनीच्या ओपीडीत आली. सोबत एक खोका होता. त्यात न वापरलेले ब्रश, गळ्याच्या छिद्रावर लावायच्या जाळ्या, पट्ट्या. दुसऱ्या कुणाला उपयोगी पडतील म्हणून आणल्या होत्या. ऑर्लाही होती. आम्ही चहा घेतला. ब्रीडा म्हणाली, "टेपा खूप आल्या हो. कुठून कुठून लोक पाठवतात. माझ्या मुलाने सगळ्या एका जागी करून दिल्या. रोज ऐक म्हणतो."

"ऐकता?"

"नाही." तिने कप खाली ठेवला. "तो आवाज सगळ्या किनाऱ्याचा होता, मिस. त्याच्यावर मी भाळले खरी, पण सगळ्या पोरी भाळल्या होत्या. आणि लग्नानंतर तो बोलायचा तरी कुठे? मनाने त्या जहाजावरच असायचा. शेवटच्या वर्षांत तो माझ्याशी बोलला. बोट लावून, थांबत थांबत, सकाळपासून रात्रीपर्यंत. मला तो आवाज हवाय. आणि तो कुणीच टेप केला नाही."

मी ऑर्लाकडे पाहिलं. पहिला आवाज राखून ठेवायचा का ते आम्ही नियमाने विचारतो. दुसऱ्याचं कुणाच्या मनातही येत नाही.

मग ऑर्ला म्हणाली, "थांबा." व्हॉल्व्ह काही महिन्यांनी गळायला लागतो, प्यायलेला चहा श्वासनलिकेत उतरतो आणि खोकला येतो, तेव्हा रुग्ण तिच्या कामाच्या फोनवर निरोप ठेवतात. ती पुसायची राहिलेले जुने निरोप खाली खाली बघत गेली. एका जागी थांबली, फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला.

"ऑर्ला, मी डेक्लन." मध्ये बोट काढून घेतलेला श्वास. "तुझा व्हॉल्व्ह गळतोय. माझा चहा वाया चाललाय. मंगळवारी येतो." पुन्हा श्वास. मग तोंड फोनपासून दूर नेल्यासारखा, जरा लांबून, तोच खरखरीत आवाज: "ब्रीडा! तिला अंडी किती आणू म्हणून सांगू?"

पुढे निरोपात थोडी मोकळी जागा होती. तिथे पलीकडून दिलेलं उत्तर फोनपर्यंत पोचलं नव्हतं.

ब्रीडा टेबलाकडे वाकली. तिचा चेहरा अगदी नेहमीसारखा झाला होता, कामात असलेल्या बाईसारखा.

"डझनभर," ती म्हणाली. "डझनभर सांग तिला."